फ्लॅशकार्डांचा संच : निळी कार्डं उत्तम, पिवळ्यांपासून जपून

कायद्याच्या प्रवेश परीक्षेचा हा माझा दुसरा प्रयत्न. पहिल्या वेळी सामान्यज्ञानात जे गुण गेले, त्यातले बरेचसे आंतरराष्ट्रीय संघटना आणि करार या एकाच भागाने खाल्ले. म्हणून या खेपेला खास त्याच विषयाचा फ्लॅशकार्डांचा द्विभाषिक संच मागवला. २४० कार्डं आणि सोबत सराव चाचण्यांचं मोबाइल अ‍ॅप. कंपनीचं नाव लिहीत नाही. चुका कळवल्यात, पुढच्या छपाईत दुरुस्त करतो म्हणालेत, तोवर उगाच कशाला. तसेही असे संच आता बरेच मिळतात आणि सगळ्यांची धाटणी साधारण सारखीच असते. दोन महिने वापरून काय वाटलं ते सांगते.

संघटनांची कार्डं निळी, करारांची पिवळी. निळी मला मनापासून आवडली. त्यांनी संघटना वर्णानुक्रमाने न लावता शहरांप्रमाणे लावल्यात. रोमला अन्न, माँट्रियलला विमानं, लंडनला जहाजं, व्हिएन्नाला अणू, नैरोबीला पर्यावरण. चार दिवसांत मुख्यालयं तोंडपाठ झाली, ती आजतागायत विसरलेली नाही. जिनिव्हाचा गठ्ठा अर्थातच सगळ्यांत जाड. त्यात जागतिक व्यापार संघटनेच्या कार्डाच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत लिहिलंय, ‘ही संयुक्त राष्ट्रांची विशेष संस्था नाही’. गेल्या वर्षी नेमकं इथेच मी तोंडावर पडले होते. लाल शाईला माझे पूर्ण गुण.

रोज रात्री बाबा मला कार्डं विचारायचे. उभा जन्म पोस्टात गेलेला माणूस. तिसऱ्या की चौथ्या रात्री निळा गठ्ठा संपला तेव्हा त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “अगं, यात आमची यूपीयू कुठाय?” खरंच नव्हती. जागतिक टपाल संघ, १८७४, मुख्यालय बर्न. जगातल्या सर्वांत जुन्या आंतरराष्ट्रीय संघटनांपैकी एक, आणि २४० कार्डांत तिला जागा नाही! मग बाबांनी चष्मा काढून समजावलं : “आपण पाकिटावर तिकीट आपल्या देशाचं लावतो. ते पाकीट परदेशात पोचवणाऱ्या पोस्टमनच्या देशाला त्या तिकिटाचा एक पैसा मिळालेला नसतो. तरी तो पोचवतो. का? कारण त्याच्या देशाने शब्द दिलाय, की तुमची पत्रं आम्ही पोचवू, आमची तुम्ही पोचवा. पुढे हिशेबाच्या भानगडी आल्या ते वेगळं. करार म्हणजे एवढंच गं.” हे कुठल्याही पिवळ्या कार्डावर नव्हतं. त्याच रात्री कोऱ्या पुठ्ठ्यावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात २४१ नंबरचं कार्ड लिहिलं. पोस्टातलं अक्षर, छापल्यासारखं.

निळ्यांमध्ये एकच मोठी गफलत आहे, पण ती नेमकी परीक्षेत चावणारी. हेगच्या गठ्ठ्यात तीन कार्डं आहेत आणि तिन्हींवर एकाच इमारतीचं चित्र छापलंय. ती इमारत म्हणजे पीस पॅलेस. तिथे आंतरराष्ट्रीय न्यायालय बसतं, आणि १८९९च्या हेग शांतता परिषदेतून जन्मलेलं स्थायी लवाद न्यायालयही तिथेच. पण तिसरं, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, तिथे नाही. त्याची इमारत वेगळी, जन्म वेगळा आणि काम तर पूर्णच वेगळं. कार्ड मात्र म्हणतं ‘संयुक्त राष्ट्रांचे फौजदारी न्यायालय’. साफ चूक. ते संयुक्त राष्ट्रांचं अंग नाही. १९९८च्या रोम संविधीतून, म्हणजे त्याच्या स्थापनेच्या करारातून, ते उभं राहिलं आणि १ जुलै २००२ला ती संविधी अमलात आली. तिथे आरोपी म्हणून माणूस उभा राहतो, देश नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयात बरोबर उलट. वाद फक्त देशादेशांत. कुलभूषण जाधव प्रकरण आठवा. शिक्षा झाली एका माणसाला, पण हेगमध्ये पक्षकार होते भारत आणि पाकिस्तान, आणि मुद्दा होता १९६३च्या व्हिएन्ना वाणिज्यदूत कराराच्या कलम ३६चा, म्हणजे अटकेतल्या परदेशी नागरिकाला त्याच्या देशाच्या दूतावासाशी संपर्क मिळण्याचा. १७ जुलै २०१९चा निकाल १५ विरुद्ध १ असा लागला. संघटना, करार आणि माणूस असे तिन्ही धागे एका प्रकरणात आहेत. हे एक कार्ड छापलं असतं तर दहा कार्डं वाचली असती.

आता पिवळी कार्डं. पुढे कराराचं नाव, मागे वर्ष, शहर आणि ‘सदस्य देश’. बस्स. एखाद्या लग्नाची तारीख आणि कार्यालयाचं नाव सांगावं, पण लग्न कुणाचं ते सांगू नये, तसा प्रकार. हल्ली परीक्षेत उतारा देतात आणि त्यावर विचारतात. अमुक देशाने सही केली पण त्याच्या संसदेने मंजुरी दिली नाही, तर तो बांधील आहे का? अ‍ॅपमध्ये मला नेमका हाच प्रश्न आला. मी ‘हो’वर टिचकी मारली. लाल फुली आली, खाली ‘योग्य उत्तर : ब’, आणि स्पष्टीकरणाच्या जागी कोरी चौकट.

मग मीच शोधत बसले. सही म्हणजे साखरपुडा, लग्न नव्हे. अनुसमर्थन, म्हणजे देशाने करार पाळायला दिलेली रीतसर अंतिम मान्यता, झालं की लग्न. पण साखरपुड्यालाही काही अर्थ असतोच. करारांच्या कायद्यावरचा १९६९चा व्हिएन्ना करार कलम १८मध्ये म्हणतो, की सही करून अनुसमर्थन बाकी असलेल्या देशाने निदान त्या कराराच्या मूळ हेतूलाच सुरुंग लागेल असं काही करू नये. जोवर ‘आम्हाला यात पडायचं नाही’ असं तो स्पष्ट कळवत नाही तोवर. गंमत म्हणजे खुद्द या करारावर अमेरिकेने १९७०मध्ये सही केली आणि अनुसमर्थन अजून केलेलं नाही. बालहक्कांच्या १९८९च्या कराराचं तेच, हवामानबदलावरच्या क्योटो कराराचं तेच. आणि राष्ट्रसंघाची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेची, कल्पना ज्या अमेरिकी अध्यक्ष विल्सननी उचलून धरली, त्यांच्याच देशाच्या सेनेटने ती सनद ज्यात होती तो व्हर्सायचा तह फेटाळला, म्हणून अमेरिका राष्ट्रसंघात कधी आलीच नाही. एकदा हा धागा हाती लागला की अर्धे पिवळे गठ्ठे आपोआप सुटतात.

भाषांतराचंही सांगायला हवं. ‘रिझर्व्हेशन’ या शब्दासमोर मराठीत ‘आरक्षण’ छापलंय. मी चांगली दहा मिनिटं विचार करत होते, की करारात आरक्षण कुणाला? अर्थ साधा आहे. देश म्हणतो, बाकी सगळं मान्य, एवढं कलम आम्हाला लागू नाही. ‘राखीव अट’ म्हटलं असतं तरी कळलं असतं. शिवाय १९४८चा मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा करारांच्या गठ्ठ्यात घातलाय. नावातच जाहीरनामा आहे हो! त्यावर कुणी अनुसमर्थन करत नाही. आणि क्योटोच्या कार्डावर कॅनडा अजून सदस्य आहे. तो २०१२च्या डिसेंबरातच बाहेर पडला.

हे सगळं मला कळलं ते संयुक्त राष्ट्रांच्या करार संग्रहाच्या वेबसाइटवर, आणि तीही फुकट. दिसायला अगदी सरकारी, फोनवर तर तक्ते कापलेच जातात, पण प्रत्येक कराराचं एक स्थितिपत्रक असतं. डावीकडे देश, मधे सहीची तारीख, उजवीकडे अनुसमर्थनाची. काही ओळींत मधला रकाना रिकामा दिसतो आणि उजवीकडच्या तारखेपुढे इवलासा इंग्रजी ‘ए’ असतो. म्हणजे त्या देशाने आधी सही केली नाही, मागाहून थेट सामील झाला. तो ‘ए’ दिसला तेव्हा मला उगाचच हेरकथेतला दुवा सापडल्यासारखं वाटलं. खाली राखीव अटी आणि कुठल्या देशाने त्यांवर हरकत घेतली तेही मिळतं. आता मी पिवळं कार्ड हातात घेते, स्थितिपत्रक उघडते, आणि कार्डाच्या मागे पेन्सिलने तीन गोष्टी लिहिते : अमलात कधी आला, कोण नाही, कोण सोडून गेला.

अ‍ॅपबद्दल वेगळं लिहिण्यासारखं फार नाही. प्रश्न बरे, स्पष्टीकरणं गायब, दर तिसऱ्या प्रश्नानंतर मेंटॉरशिपची जाहिरात.

पहिल्यांदाच बसत असाल आणि मुख्यालयं, वर्षं, संक्षेप यांचा पार गोंधळ असेल तर संच घ्या, पैसे वसूल होतात. निळ्यांना पाचपैकी चार, पिवळ्यांना दोन. मोठी बहीण, सीनियर, कुणाकडे जुना संच पडून असेल तर तोच मागून आणा. छापलेल्या कार्डावर कुठला देश कधी बाहेर पडला ते नाहीतरी तुम्हालाच लिहावं लागणार आहे.