नील डॉट फन : सहा-सात महिने खेळून झाल्यावरचा अनुभव

सहा-सात महिने ही साइट वापरतोय, वापरतोय म्हणजे काय, टाईमपास करतोय, म्हटलं आता लिहावंच. नील अगरवाल नावाचा अमेरिकेतला डेव्हलपर आहे, तो एकेक पान बनवतो, गेम म्हणा, खेळणं म्हणा, सगळा डोक्यालिटीचा कारभार. लॉगिन नाही, अ‍ॅप टाकायचं नाही, ओटीपी नाही, उघडलं की सुरू. हे फार बरंय.

आमच्याकडे सगळ्यात जास्त चालला तो परफेक्ट सर्कल. मध्ये एक ठिपका, त्याच्याभोवती एका दमात गोल काढायचा, किती टक्के गोल झाला ते लगेच कळतं. रेघ नीट चालली तर हिरवी, भरकटली की पिवळी मग लाल. आणि जपून हळूहळू काढायला गेलात तर स्लो म्हणून बाद, त्यामुळे बिनधास्त फिरवावंच लागतं. मी माउसने ऐंशीच्या घरात रडत होतो. आईच्या हातात मोबाईल दिला, "हे काय नवीन खूळ" म्हणाली आणि बोटाने डायरेक्ट ९४! रांगोळीचा हात आहे, ठिपक्यांभोवतीच फिरलाय इतकी वर्षं. मग काकू आली, तिचे ९५ आले, तर आई म्हणते "जाऊबाई, तुमचा मोबाईल मोठाय हो".

फॅमिली ग्रुपवर नुसती लिंक टाकली तर कुत्रंही विचारत नाही, अर्ध्यांना फ्रॉड वाटतो. टक्क्यांचा स्क्रीनशॉट टाकून खाली "मोडून दाखवा" एवढंच लिहा, मग मेव्हण्यापासून मावशीपर्यंत सगळे रात्री अकराला गोल काढत बसतात. प्रत्येक पान प्रत्येकाला पाठवण्यात पण अर्थ नाही, माणूस बघून पाठवायचं.

उदा. डीप सी. यात खेळायचं काहीच नाही, फक्त समुद्रात खाली खाली स्क्रोल करत जायचं, त्या-त्या खोलीवर राहणारे मासे, प्राणी भेटत जातात. स्कूबा डायव्हिंगने माणूस जास्तीत जास्त गेलाय ३३२ मीटर. आपण मालवणला जे स्नॉर्केलिंग करतो ते इथे स्क्रीनवर अंगठा नीट हलायच्या आत संपतं. टायटॅनिक ३८०० मीटरला. त्यानंतर पण तेवढंच नाही, त्याच्या दीडपटीहून जास्त अजून उरलेलं असतं, तळ येतो जवळजवळ ११ हजार मीटरवर, चॅलेंजर डीप, म्हणजे समुद्रातली सगळ्यात खोल जागा, जिथे १९६० मध्ये पिकार आणि वॉल्श हे दोघं पाणबुडीसारख्या यानातून उतरले होते. मधले मोठे पट्टे नुसते काळे आहेत, काही म्हणजे काही येत नाही, अंगठा दुखायला लागतो, पण खरी खोली तिथेच कळते असं माझं मत. दहावीच्या पुतण्याला बोअर झालं, बाबा मात्र चष्मा लावून तळापर्यंत गेले.

पासवर्ड गेम (२०२३ चा) फक्त ऑफिसच्या ग्रुपसाठी. नियमात बसेल असा पासवर्ड बनवत जायचा, दरवेळी नवा नियम येतो. पाच अक्षरं, एक आकडा, इथपर्यंत साधं वाटतं, मग अंकांची बेरीज २५ पाहिजे, महिन्याचं नाव पाहिजे, फोटो बघून देश ओळखा, बुद्धिबळातली बेस्ट चाल टाका, असे ३५ नियम. मध्येच एक अंड्याचा इमोजी देतो, हा पॉल, याला सांभाळा. थोड्या वेळाने पासवर्डला आग लागते, ती विझवेपर्यंत पॉल जळाला की खेळ खल्लास. वाचला तर पिल्लू बाहेर येतं, त्याला अळ्या खायला घालायच्या, कमी पडल्या तर उपाशी मरतं आणि जास्त घातल्या तरी मरतं. आमच्या अकाउंट्सवाल्या मॅडम लंच सोडून पॉलला अळ्या चारत होत्या. मोबाईलवर हा खेळूच नका, इमोजी शोधताना जीव जातो.

इन्फिनिट क्राफ्ट २०२४ ला आला. पाणी, आग, वारा, माती एवढ्यावर सुरुवात, एकावर एक टाकलं की तिसरं बनतं. पाणी आणि आग म्हणजे वाफ, माती आणि पाणी म्हणजे रोप, असं करत कुठल्या कुठे. मागे एआय असल्यामुळे उत्तरं कधी हुशार कधी येडपट. जे आधी कोणीच बनवलेलं नाही ते बनलं तर 'फर्स्ट डिस्कव्हरी' दिसतं, पोरं त्याच्याच मागे. पुतण्या वडापाव बनवायला निघालाय, अजून बनलेला नाही.

सगळं इंग्रजीत आहे, आईला शेजारी बसून सांगावं लागतं. आणि हो, इन्फिनिट क्राफ्टमध्ये बनवलेलं सगळं त्या ब्राउझरमध्येच राहतं, साइट डेटा क्लिअर केलात की गेलं, तेव्हा मोबाईलची साफसफाई करायच्या आधी घरातल्या पोरांना विचारून घ्या.