‘द आउटसायडर्स’: आठ महिने, चार वाचनं आणि एक थोरला भाऊ

आधीच सांगते, पुढे गोष्ट उघडी पडणार आहे. पुस्तक १९६७ चं आहे, त्यामुळे मला त्याचं फारसं काही वाटत नाही.

हे पुस्तक मी स्वतःसाठी घेतलंच नव्हतं. पंधरा वर्षांच्या धाकट्या भावाला वाचनाची गोडी लागावी म्हणून आणलं होतं. त्यानं मागचा मजकूर वाचला, ‘बरं’ म्हणाला आणि टेबलावर ठेवून दिलं. थोरल्या बहिणीनं हौसेनं आणलेल्या वस्तूंचं जे होतं, ते झालं. तीन आठवड्यांनी एका रात्री झोप येईना म्हणून मीच उघडलं.

लेखिका एस. ई. हिंटन. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, टल्सा शहरात शाळेत शिकत असताना पंधराव्या वर्षी तिनं ही कादंबरी लिहायला घेतली, आणि छापून आली तेव्हा ती अठराची होती. नावाची आद्याक्षरं का, तर मुलांच्या टोळ्यांवरचं पुस्तक एका मुलीनं लिहिलंय म्हटल्यावर समीक्षक आधीच नाक मुरडतील, ही प्रकाशकाची भीती. किशोरवयीनांसाठीच्या कादंबऱ्यांची गोष्ट निघाली की सुरुवात बहुधा या पुस्तकापासून होते. वाचताना मात्र या माहितीचा उपयोग एवढाच, की काही पानं कच्ची का वाटतात ते कळतं.

कथा चौदा वर्षांचा पोनीबॉय सांगतो. आईवडील मोटार अपघातात गेलेले. घरात तीन भाऊ: वीस वर्षांचा डॅरी, मधला सोडापॉप, म्हणजे सोडा, आणि हा. गावात दोन टोळ्या, गरिबांची ग्रीझर्स आणि पैसेवाल्यांची सोश. एका रात्री डॅरी पोनीबॉयच्या थोबाडीत मारतो, पोनी घरातून पळतो, बागेत मारामारी होते आणि त्याचा मित्र जॉनी त्याला वाचवताना एका सोश मुलाला भोसकतो. मग दोघं एका ओसाड चर्चमध्ये लपून राहतात. बाकीचं पुस्तकात.

पहिल्या वाचनानंतर माझं मत: ठीक. जरा रडकं. पोनीबॉय भेटेल त्या प्रत्येकाचे केस आणि डोळे यांचं वर्णन करत बसतो. जॉनीचं शेवटचं पत्र जॉनीनं लिहिल्यासारखं वाटतच नाही, फार घडवलेलं आहे. चेरी नावाची सोश मुलगी सोडली तर मुली जवळजवळ नाहीतच, आणि हे लिहिणारी स्वतः मुलगी, याचं मला अजून नवल वाटतं. रॉबर्ट फ्रॉस्टच्या आठ ओळींच्या कवितेवर बरेच वाचक जीव टाकतात, मी तिथून नुसती पुढे गेले. पुस्तक परत टेबलावर ठेवलं.

पण एक चित्र डोक्यातून जाईना. पळून जाण्याआधीचं. रात्रीचे दोन वाजून गेलेत, पोनीबॉय घरी येतो आणि खिडकीतून आत डोकावतो. सोडा सोफ्यावर झोपलाय, डॅरी दिव्याखाली खुर्चीत बसून पेपर वाचतोय. बस, एवढंच.

वडील गेले तेव्हा मी एकवीसची होते, धाकटा नऊचा. पुढचं शिक्षण तिथंच थांबलं आणि मी नोकरीला लागले. दोन वर्षांपूर्वी हा पठ्ठ्या रात्री साडेअकरापर्यंत घरी आला नाही, फोन बंद. मीही असाच पेपर हातात धरून बसले होते, दोन तास तीच बातमी. आला तेव्हा त्याच्या मित्रांसमोर मी जे बोलले, ते लिहून दाखवण्यासारखं नाही. नऊ दिवस तो माझ्याशी बोलला नव्हता. डॅरी तो पेपर वाचत नव्हता, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पोनीबॉयला मात्र ते कळत नाही. त्याला फक्त उठून ओरडणारा भाऊ दिसतो.

दुसऱ्यांदा वाचलं ते फक्त डॅरीसाठी, आणि अक्षरशः वेगळंच पुस्तक हाती आलं. कॉलेजचं स्वप्न सोडलेला, छपरं शाकारणारा, सामानाचे दोन-दोन गठ्ठे घेऊन शिडी चढणारा मुलगा. भावांपैकी कुणी काही भानगड केली तर सरकार दोघांना बालगृहात टाकेल, ही टांगती तलवार त्याच्या डोक्यावर. हे सगळं पोनीबॉयच आपल्याला सांगतो, पण तक्रारीच्या सुरात, जाता जाता. निवेदकाला जे समजलेलं नाही ते वाचकाला त्याच्याच तोंडून समजतं. सोळा-सतरा वर्षांच्या लेखिकेला हे साधलं, यापुढे ते केसांचं वर्णन सगळं माफ. हॉस्पिटलमध्ये आईबापांच्या अंत्यविधीलाही न रडलेला डॅरी रडताना दिसतो, तिथं पहिल्या खेपेला मी पान उलटलं होतं. दुसऱ्या खेपेला दिवा घालवून बसले.

तिसरं वाचन ऑडिओबुकवर, कामावर जाता-येता. ते जमलं नाही. या पुस्तकात मागे जाऊन एखादं वाक्य पुन्हा बघावं लागतं आणि कानांना ते करता येत नाही. दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोलाचा यावरचा १९८३ चा सिनेमाही मध्येच पाहिला. बघायचा असेल तर २००५ ची लांब आवृत्ती बघा. आधी कापलेले भावांचे प्रसंग तिच्यात परत घेतलेत. पॅट्रिक स्वेझीचा डॅरी चांगला आहे, पण सिनेमात डॅरी आपल्याला थेट दिसतो. पोनीच्या नजरेआडून तो हळूहळू ओळखू येण्यातली गंमत गेली.

इंग्रजी सोपं आहे. बोलीतले जुने शब्द सुरुवातीला अडतात, पन्नास पानांत सवय होते. एकूण बारा प्रकरणं, दोन-तीन रात्रींत संपतं. प्रतीचं म्हणाल तर आठ महिन्यांत कणा दोन ठिकाणी मोडलाय आणि हॉस्पिटलचं पान निघून आलंय.

सहाव्या महिन्यात धाकट्यानं ते आपणहून उचललं. मी काही विचारलं नाही. फार कष्टानं विचारलं नाही. चार दिवसांनी त्यानं पुस्तक माझ्या उशीशी ठेवलं. मला वाटलं आता डॅरीबद्दल काहीतरी बोलेल, माझी तयारीही होती. तर म्हणाला, “ताई, आपल्याकडे सोडा म्हणजे आई.”

शेवटच्या प्रकरणात डॅरी आणि पोनी पुन्हा भांडतात, आणि सगळ्यांना हसवणारा सोडा घरातून धावत सुटतो. दोघं आपल्याला दोन बाजूंनी ओढतायत हे त्याला सहन होत नाही. तीन वेळा हे वाचून मी त्याला मधलं अंतर भरणारा प्रसंग समजले होते. स्वतःला डॅरी ठरवलं की सोडाकडे बघायला सवडच होत नाही. मग चौथं वाचन केलं, सोडासाठी. त्याचे संवाद थोडे आहेत, आणि बहुतेक दुसऱ्या कुणाची तरी बाजू सांगणारे.

घ्यावं का? पंधरा वर्षांच्या मुलाला द्यायचं असेल तर द्या, पण मागे लागू नका. तुम्ही घरातले थोरले असाल तर स्वतःसाठी घ्या आणि एका वाचनावर मत बनवू नका. शेंडेफळांचं काय होतं ते मला ठाऊक नाही, आमचं शेंडेफळ विचारलं की खांदे उडवतं.

सध्या आईला रोज रात्री थोडं थोडं मराठीत सांगतेय. नावांशी तिचं जमत नाही, पोनीबॉयला ती ‘तो घोडेवाला’ म्हणते. पाचवं प्रकरण चालू आहे, दोघं चर्चमध्ये लपलेत. परवा मध्येच थांबवून तिनं विचारलं, “हा मधला कधी स्वतःचं काही बोलतच नाही का गं?”

म्हटलं, बोलतो, बाराव्या प्रकरणात. अजून सात प्रकरणं आहेत.