तंजावरच्या बाळकृष्णाची डागडुजी: साडेपाच महिने लागले, पण काम मनासारखं

पणजीच्या माहेरचं, तंजावरचं चित्र: लोणी खाणारा बाळकृष्ण, फणसाच्या फळीवर. ही कला तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांच्या काळात (१७९८ ते १८३२) भरभराटीला आली. आमचं चित्र त्यानंतरचं. मागच्या पावसाळ्यात फळी उभी चिरली, कडेने लाकडाचं पीठ पडायला लागलं, गुडघ्याजवळ सोन्याचा वर्ख पापुद्र्यासारखा सुटला. त्याआधी एका फ्रेमवाल्याने चिरेत पांढरा गम भरून वर सोनेरी रंग फासला होता, तो काळा पडला. त्यामुळे जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या या ठिकाणी आणतानाही धाकधूक होती.

पहिल्या दिवशी इथल्या ताईंनी चित्राला हातच लावला नाही. बॅटरी तिरकी धरून अर्धा तास नुसतं बघत होत्या. मग समजावलं: फळीवर खळीने चिकटवलेलं कापड, वर खडूचा थर, त्यावर उठाव आणि वर्ख. दमट हवेत फळी फुगते, कोरड्यात आक्रसते. खिळ्यांनी जखडली की चिरते. रंग पाण्याने सुटणारे, म्हणून ओलं फडकं बंद. आम्ही दर गोकुळाष्टमीला पुसायचो!

किडीसाठी चित्र हवाबंद पिशवीत, ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या घालून तीन आठवडे ठेवलं. सुटलेल्या वर्खावर जपानी कागद ठेवून ब्रशच्या टोकाने थेंबथेंब सरस सोडला. फ्रेमवाल्याचा तो गम काढण्यातच दीड महिना गेला. चीर पूर्ण मिटवलेली नाही. ओढून बसवली तर दुसरीकडे फुटेल म्हणाल्या, ते पटलं.

बाळकृष्णाचं उजवं पाऊल मात्र मला नव्याने सोनेरी करून हवं होतं. ताईंनी भिंग हातात दिलं. गुडघ्यावरचा वर्ख फाटल्यासारखा तुटलाय, पाऊल गुळगुळीत झिजलंय. पणजी, आजी, आई, सगळ्या रोज तिथे बोट टेकवून नमस्कार करायच्या. "तेवढं माझ्याकडून नका करून घेऊ," ताई म्हणाल्या. मला पुढे बोलवेना. पाऊल तसंच आहे. आता काच आहे, आई काचेवर बोट टेकवते.

तक्रार एकच: तीन महिने सांगून साडेपाच लागले आणि दर वेळी फोन आपणच करायचा. पण सोबत फाइल मिळते, कुठे काय वापरलं ते फोटोंसकट. नव्या चौकटीत खिळे नाहीत, फळीला हलायला जागा आहे. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर टांगू नका, चित्र भिंतीला टेकू नये म्हणून मागे बुचाचे तुकडे लावा, असंही त्यांनी बजावलंय.