एडिनबरातला नाचाचा वर्ग आणि ‘५१व्या डिव्हिजनचा रील’

एडिनबरात राहत असाल तर स्कॉटिश कंट्री डान्सच्या, म्हणजे समोरासमोरच्या दोन ओळींत जोड्यांनी करायच्या स्कॉटलंडच्या पारंपरिक नाचाच्या, नवशिक्यांच्या वर्गाला जरूर जा. मी जाते तो वर्ग एका चर्चच्या हॉलमध्ये संध्याकाळी भरतो. जोडीदार सोबत न्यावा लागत नाही, कारण दर नाचाला जोडी बदलते. किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा चौकड्यांचा घागरा, तोही लागत नाही. बूट मात्र मऊ आणि बिनटाचेचे हवेत. लाकडी जमिनीवर तासभर उड्या मारायच्या असतात आणि जाड तळव्याने पोटऱ्या भरून येतात.

पण मी हा वर्ग सुचवते तो शिकवणाऱ्या बाईंमुळे. नाच सुरू करण्याआधी त्या त्याच्या नावामागची हकिगत सांगतात. ‘५१व्या डिव्हिजनचा रील’ (रील म्हणजे जलद लयीचा नाच, आणि डिव्हिजन ही सैन्याची तुकडी) शिकवला तेव्हा सगळा हॉल गप्प होऊन ऐकत होता.

जून १९४०, दुसरं महायुद्ध. फ्रान्समधल्या डंकर्क बंदरातून ब्रिटिश फौज निघून गेली होती, पण स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड्स भागातली ५१वी हायलँड डिव्हिजन फ्रेंच सेनेच्या हुकमाखाली लढत मागे हटत होती. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सँ व्हॅलेरी-आँ-को या छोट्या बंदरात ती कोंडली गेली. १२ जूनला डिव्हिजनचे प्रमुख जनरल व्हिक्टर फॉर्च्यून यांना जर्मन सेनानी रोमेलपुढे शरण जावं लागलं आणि हजारो सैनिक कैदेत गेले. हायलँड्समधल्या कितीतरी घरांतला कुणी ना कुणी त्यांत होता.

अधिकाऱ्यांची रवानगी जर्मनीत, बव्हेरियातल्या लाउफेनच्या वाड्यात झाली. आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्स या पलटणीचे लेफ्टनंट जिमी अ‍ॅटकिन्सन यांनी युद्धकैदी असताना हा नाच रचला. टॉम हॅरिस हंटर आणि पीटर ऑलिव्हर या सहकैद्यांनी त्यात हातभार लावला. सगळे पुरुषच, त्यामुळे बायकांच्या ओळीतही तेच उभे राहत. पुढे स्कॉटिश कंट्री डान्स सोसायटीने १९४५ साली तो आपल्या तेराव्या पुस्तकात, विजयाच्या पुस्तकात, छापला.

एवढं ऐकून नाचायला उभं राहिलं की त्यातली मधली आकृती अंगावर येते. पहिली जोडी सेट करून, म्हणजे एकमेकांसमोर जागच्या जागी पावलं टाकून, बाहेरून खाली उतरते आणि मधून वर येते. दोघं आपापल्या कॉर्नरपुढे, म्हणजे तिरक्या कोपऱ्यातल्या नाचणाऱ्यापुढे, सेट करतात, उजव्या हाताने वळतात, आणि हात न सोडता चौघांची तिरकी ओळ होते. ओळ जागच्या जागी डुलते. मग दुसऱ्या कॉर्नरांबरोबर तशीच ओळ उलट्या कर्णावर. दोन्ही रेघा मिळून सेंट अँड्र्यूचा क्रूस, स्कॉटलंडच्या झेंड्यावरचा! कैदेत झेंडा मिळणार कुठून? त्यांनी तो माणसांचा उभा केला. शेवटी सहा जण हात धरून गोल फिरतात, की ३२ बार (संगीताची आवर्तनं) संपले.

शाळेत लेझीम खेळलेल्यांना आठ-आठचं हे मोजमाप पटकन साधेल. पा द बास्क या पावलाला मात्र वेळ द्यावा लागतो, आणि बाई तो देतात. आधी प्रत्येक नाच चालत करून घेतात, संगीत नंतर.

उणिवा दोन. संगीत स्पीकरवरचं असतं. अ‍ॅकॉर्डियन आणि फिडल समोर वाजत असताना हाच रील किती वेगळा चढतो ते इथे कळत नाही. आणि उत्तरार्धात जुनी मंडळी मिसळली की वेग एकदम वाढतो, नवा माणूस गोंधळतो. अशा वेळी सेटमध्ये, म्हणजे एकत्र नाचणाऱ्या जोड्यांच्या गटात, तिसऱ्या जागी उभं राहा. आपली पाळी येईपर्यंत दोन जोड्यांचा नाच बघायला मिळतो.