ताडोबाची हिवाळी सफारी: थंडी सोसेल त्याला जंगल पावेल

चंद्रपूर जिल्ह्यातलं ताडोबा हे 1955 सालचं, महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान. नागपूरहून येणाऱ्यांना कोलारा गेट सोयीचं, चंद्रपूरहून मोहर्ली. मंगळवारी सफारी बंद असते, हे न बघता सुट्टी टाकणारे दरवर्षी निघतातच!

बुकिंग ऑनलाइन करा. ज्या ओळखपत्राचा नंबर टाकाल तेच मूळ ओळखपत्र गेटवर हवं. झेरॉक्सच्या भरवशावर राहू नका. जिप्सीत सहा पर्यटक बसतात, त्यामुळे दोघांनी अख्खी गाडी घेतली तर खर्च अंगावर येतो. मागची सीट उंच, दिसतं छान, पण धक्केही तिथेच जास्त. कंबर दुखरी असेल तर मधली घ्या.

खरी परीक्षा पहाटे. गाडी उघडी, त्यात वारा. एक जाड जॅकेट घालण्यापेक्षा तीन पातळ थर बरे, कारण नऊनंतर ऊन चटकतं. कानटोपी, हातमोजे आणि गुडघ्यांवर घ्यायला चादर हवीच. कपडे मातकट रंगाचे. गाभा क्षेत्रात, म्हणजे जंगलाच्या आतल्या मुख्य भागात, मोबाइल वापरायला परवानगी नाही, फोटोंसाठी कॅमेरा न्या.

वाघाची हमी मात्र हिवाळ्यात कमीच. पाणी सगळीकडे असतं, गवत उंच असतं. एप्रिल-मेसारखा तो पाणवठ्यावर येऊन बसत नाही. त्याऐवजी ताडोबा तलावाच्या काठावर ऊन खात पडलेल्या मगरी बघा, बांबूच्या बेटांतून तिरपी उतरणारी उन्हं बघा. नुसता वाघच मोजायचा असेल तर पैसे उन्हाळ्यासाठी राखून ठेवा.