थायरॉइड अँटीबॉडी टेस्ट : रक्त काढणं एक नंबर, सांगणं शून्य (५ पैकी ३ स्टार)

मिसेसची टीएसएच (थायरॉइड मंदावली की रक्तात वाढते ते हार्मोन) ६.८, म्हणजे जास्त आली म्हणून डॉक्टरनं अँटी-टीपीओ ही अँटीबॉडीची टेस्ट लिहून दिली, तं आमच्या तालुक्याच्या बसस्टँडजवळच्या कलेक्शन सेंटरवर गेलो. (यवतमाळ जिल्हा. नाव घेत नाही.) फोनवर पोट्टा म्हणे उपाशीपोटीच या. कापूस वेचणीचे दिवस, बाया सांगून ठेवलेल्या, तरी साडेसहाची एसटी पकडून पोहोचलो तं शटर बंद, उघडलं सव्वानवाला, तोवर हिला चक्कर. मंग डॉक्टर म्हणतात या टेस्टला उपाशी राहायची गरजच नसते!

रक्त काढणाऱ्या ताईंचा हात मात्र लय हलका. हिची नस सापडत नाही, दरवेळी दोनतीनदा टोचतात, इथं एकातच काम. सुई गेली तेव्हा ही माझ्याशी बायांच्या मजुरीचं बोलत होती, तिला समजलंही नाही.

सॅम्पल नागपूरला जाते, रिपोर्ट तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर. ४१२, ठळक अक्षरात, नॉर्मल ३४ च्या आत. बिल आणायला गेलो तेव्हा विचारलं तं पोट्टा म्हणे, "काका, बारा पट आहे, तीन महिन्यानं पुन्हा करा, डिस्काउंट देतो." झालं, ही रात्री जेवली नाही आन् आईनं नवस बोलून ठेवला.

डॉक्टरनं पाच मिनिटात सांगितलं. टीपीओ हे थायरॉइडमधलं एन्झाइम, हार्मोन बनवायला लागते, शरीराची फौज आपल्याच ग्रंथीवर उलटली की ह्या अँटीबॉडी रक्तात दिसतात. त्या आजाराला हाशिमोटो म्हणतात, १९१२ मध्ये ज्या जपानी डॉक्टरनं त्यावर लिहिलं त्याचं नाव. आकडा बारा पट म्हणजे आजार बारा पट असं नाही, धडधाकट माणसातही ह्या सापडतात. पुढं थायरॉइड आणखी मंदावू शकते, म्हणून टीएसएच मधूनमधून पाहायची, गोळीचा डोसही तिच्यावरूनच ठरते, अँटीबॉडी पुन्हा पुन्हा मोजून काही उपयोग नाही. म्हणजे डिस्काउंट कशाचा देत होता बाप्पा?

आणखी एक, केस गळतात म्हणून ही बायोटिनच्या गोळ्या खायची. त्यानं थायरॉइडचे रिपोर्ट चुकू शकतात, निदान दोन दिवस आधी बंद ठेवा लागतात. पाकीट महिन्याआधीच संपलं होतं म्हणून बरं, सेंटरवर कोणी विचारलंही नाही.

जायचं तं साडेनवानंतर जा, त्या ताई आहेत का विचारा. शुगर वगैरे सोबत नसेल तं पोहे खाऊनच जा. गाडी समोरच्या कृषी केंद्रापुढं लावा, तो काही म्हणत नाही.