प्राण्यांच्या देहरचनेचा मॉडेल संच : गांडूळ झकास, हायड्रा फसला

औशात मी दहावीच्या विज्ञानाचे क्लास घेते. 'प्राण्यांचे वर्गीकरण' आलं की दरवर्षी देहगुहेपाशी, म्हणजे शरीराची भिंत आणि आतडं यांच्यामधल्या पोकळीपाशी, गाडी अडते. मी फळ्यावर एकात एक वर्तुळं काढते, पोरं ती वहीत उतरवतात आणि पेपरात उलटं लिहून येतात. म्हणून यंदा लातूरला गंजगोलाईजवळच्या एका दुकानातून 8 प्राण्यांचा संच आणला. किंमत 1,850 रुपये; घासाघीस करून शंभर सुटले.

चपटा कृमी, गोलकृमी आणि गांडूळ, हे तिघं आडवे कापून दाखवलेत. बहिर्स्तर निळा, मध्यस्तर लाल, अंतःस्तर पिवळा. शेजारी शेजारी ठेवा, बोलायची गरज नाही. चपट्या कृमीत निळ्या-पिवळ्याच्या मधे लाल गच्च भरलेला, पोकळीच नाही. गोलकृमीत पोकळी आहे, पण लाल थर फक्त बाहेरच्या भिंतीला. आतडं पिवळं, उघडं. गांडुळात भिंतही लाल, आतड्याभोवतीही लाल.

एका पोरीचे वडील गवंडी आहेत. तिनं त्या फटीत पेन्सिल घालून बघितली आणि म्हणाली, "मॅडम, गोलकृमीत नुसत्या भिंतीला गिलावा हाय, आतड्याला नाय. गांडुळात दोन्हीकडं केलाय." आभासी (गोलकृमीची) आणि खरी (गांडुळाची) देहगुहा मला 15 वर्षांत इतक्या सोप्यात सांगता आली नव्हती. आता आमच्याकडं 'गिलावा' हाच शब्द चालतो. (पेपरात लिहू नका म्हणून बजावलंय.)

हायड्रा (गोड्या पाण्यातला बारीकसा प्राणी) मात्र घात करेल. त्याला स्तर दोनच, मधे नुसता जेलीसारखा थर. रंगवणाऱ्यानं तोही लाल केलाय, म्हणजे हायड्रा थेट त्रिस्तरीय! मी व्हाइटनर लावून ठेवलंय. दुकानदाराला दाखवलं तर म्हणे, "मॅडम, पोरं एवढं कुठं बघतात?" पोरं तेवढंच बघतात.

स्पंज म्हणून फोमचा पिवळा तुकडा चिकटवलाय; तसला माझ्या मोरीत भांडी घासायला आहे. पाणी बारीक छिद्रांतून आत जातं आणि वरच्या मोठ्या तोंडातून बाहेर पडतं, हे त्यात कुठून दिसणार? तारामासा देखणा, पण अरिय सममिती (मध्यापासून चहूबाजूंना सारखी रचना) शिकवायला मला त्याची गरजच नाही. मधोमध देवीचं मंदिर आणि चहूबाजूंना फुटलेले 16 रस्ते, गंजगोलाई सगळ्यांनी बघितलीय. तारामाशाची अळी द्विपार्श्व सममित (डावी-उजवी बाजू सारखी) असते, मोठेपणी तो अरिय होतो, ही खरी गंमत माहितीपत्रकात नाहीच.

आणि गोगलगाय नाही! 2022 साली आमच्या भागात हिनं सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, लोक पोती घेऊन वेचत होते, आणि मृदुकाय म्हणून संचात कोण, तर ऑक्टोपस. गोगलगायीचं अंग पिळवटलेलं, म्हणून ती द्विपार्श्व सममितीला अपवाद. प्रश्न तिच्यावरच येतो. शेवटी बांधावरचे रिकामे शंख गोळा करून आणायला लावले. फुकट काम झालं.

पाचपैकी तीन तारे, तिन्ही त्या तीन कृमींचे. तेवढेच सुटे मिळतील का म्हणून परवा पुन्हा विचारून आले, मैत्रिणीच्या क्लासला हवे होते. संच फोडून देत नाहीत.